निघण्याआधीचं गाऱ्हाणं

पेडणे,
शुक्रवार, १२ जुलै २०२४

चि. सगुण,
अनेक आशीर्वाद.

मी फोन करते, तू उचलतोस, मी एकटीच बोलत राहते आणि मग दोघंही फोन ठेवतो. बहीणभावाने असं किती दिवस चालवायचं? मोबाईलवर लिहायला तुझी बोटं जाड आहेत असं तुझी सून शीतल सांगते. तेव्हा आजपासून कागद. तुझा प्रवीण तुयेच्या कारखान्यातल्या कामासाठी आठवडाभर माझ्याकडे राहतो आणि शनिवारी डिचोलीला घरी येतो. माझ्या हातचं इतकं जेवलेल्या भाच्याला पोस्टमन करायला माझी काही हरकत नाही.

आता मुद्दा. परवा शाळेतल्या जुन्या मैत्रिणींबरोबर तेरेखोलला गेले होते. किल्ल्याच्या रस्त्याला एक जुनी जीप उभी. टपावर तंबू, मागचं फळकूट खाली पाडून त्यावर स्टोव्ह मांडलेला, आणि माझ्याच वयाची एक बाई स्टुलावर बसून चहा गाळत होती. नवरा शेजारी टायर बघत होता. पुण्याहून निघाले होते म्हणे, कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. मी नोकरीभर शाळेच्या घंटेवर जगले. आमचे हे म्हणायचे, निवृत्त झालो की असेच निघू, आणि निवृत्त व्हायच्या आधी ते एकटेच निघून गेले. त्या बाईचा मला फार हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

तुझ्या अंगणात फणसाखाली खाणीची जीप पडून आहे. ती नीट कर. आपण दोघं जाऊ. केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला, पुढे रेडी, वेंगुर्ले, मालवण, जिथवर जीव रमेल तिथवर. डॉक्टर म्हणतात, कॅन्सर गेला, घसा साफ आहे, आता भीती नाही. तू मात्र वर्षभर जनेलापाशी कदेल टाकून बाहेर बघत बसला आहेस. तुझा आवाज गेला रे, हातपाय जागेवर आहेत.

याच जीपमधून तू मला लग्नाला नेलंस. गावच्या शिवेवर राखणदार देवाच्या घुमटीपुढे गाडी थांबवून, हातात नारळ घेऊन तू गाऱ्हाणं घातलंस, आणि मागे उभा सगळा वाडा, घरटी एकेक माणूस, ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. मांडवात पोचले तेव्हा माझा शालू खाणीच्या धुळीने तांबडा झाला होता. सासूबाईंनी विचारलं, नवरी आणलीत की माती? मला त्या दिवसातलं आता तेवढंच नीट आठवतं, आणि तुझा आवाज.

उत्तर लिही. प्रवीण सोमवारी परत येईल.

तुझी,
विमलाबाय


डिचोली,
रविवार, २१ जुलै २०२४

ती. बाय,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तू लिहितेससुद्धा मोठ्याने.

मागच्या सोमवारी उत्तर दिलं नाही कारण उत्तर ‘नाही’ असं होतं. मग रुद्रेशला, म्हणजे बाजारापलीकडच्या गॅरेजवाल्याला, शीतलने मला न विचारता बोलावलं. तो जीपखाली शिरला, बाहेर आला आणि म्हणाला, सांगाडा शाबूत आहे, बाकी कशाचा भरवसा देत नाही. तळाचा पत्रा इतका खाल्लाय की आत बसून खालचं गवत उपटता येईल. चालकाच्या सीटखाली कोंबडी अंडी घालते. शीतलला आता चिंता पडली आहे की जीप सुधारली तर अंड्यांचं काय.

मी पाटीवर लिहिलं, राहू दे. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी जॅक घेऊन हजर झाला.

काल डाव्या बाजूचा आतला पत्रा उचकटला तर मूठभर तांबडी धूळ पायावर पडली. खाण बंद झाली, कंपनीने यंत्रं विकली, ही जीप भंगाराच्या भावात मी घेतली, घरी बसलो, आणि ही धूळ अजून कामावर. तुझा शालू आठवला. म्हणून करतो म्हणतो.

पण तुझ्यासाठी करतो. मी येईनच असं समजू नकोस. चालवायला प्रवीण आहे.

तुझा,
सगुण


पेडणे,
शुक्रवार, २ ऑगस्ट २०२४

चि. सगुण,
आशीर्वाद.

प्रवीणच्या मागे मी स्कूटरवर बसते तेवढं पुण्य पुरे. तो ब्रेक मारतो तेव्हा मला माझे सगळे पूर्वज दिसतात. तू चालवणार, नाहीतर जीप कोंबडीलाच राहू दे.

माझ्या मागण्या ऐक. मागे पाय लांब करून निजता यावं एवढी फळी. भांड्यांना झाकणाचं कपाट, रस्त्यात खडखडाट नको. पाण्याला नळाची टाकी, म्हणजे वाकावं लागणार नाही, माझे गुडघे तुला माहीत आहेत. टपावर तंबू नको, शिडी चढून निजायला मी काही माकड नव्हे. मागच्या बाजूने ताडपत्री बाहेर ओढता आली की सावली झाली. स्टोव्ह मी आणीन.

बरोबर पुडकं पाठवते आहे. माझ्या जुन्या सुती साडीचे रुमाल कापून शिवले आहेत, दुहेरी. गळ्यापाशी बांध. तू आता मानेतून श्वास घेतोस, आणि रुद्रेश पत्रा घासणार म्हणजे गंजाची धूळ उडणार. एक घाण झाला की दुसरा बांधायचा, काटकसर करायची नाही. ही साडी तूच मला पहिल्या पगारातून घेतली होतीस. फिरून तुझ्याकडेच आली.

तुझी,
बाय


डिचोली,
रविवार, २५ ऑगस्ट २०२४

ती. बाय,
सा. नमस्कार.

रुमाल बांधतो आहे. रुद्रेश म्हणतो, मी आता एखाद्या लग्नाचा वरबाप दिसतो.

तळाला नवा पत्रा बसला. स्प्रिंगचे पाटे उतरवून ग्रीस भरलं. डिझेलचा पंप डिचोलीतच साफ करून मिळाला. परवा इंजिन पहिल्यांदा धरलं, काळा धूर सोडून खोकलं आणि चालू राहिलं. मी आनंदात बॉनेटवर ओणवा, आणि शीतल ओरडत बाहेर आली, डिझेलचा वास येतोय म्हणून. खाली पाइप गळत होता, चांगलं थारोळं झालं होतं. मला पत्ताच नाही. नाकातून श्वास जात नाही म्हणजे वासही येत नाही, हे अजून ध्यानात राहत नाही. नाक आता शोभेपुरतं. तेव्हा प्रवासात वास घ्यायचं काम तुझं. (कोणी गेलं तर.)

आता दुसरी गोष्ट. जीप चालू झाल्याचं वाड्यावर कळलं आणि माणसं यायला लागली. आधी आनंदी आली, विहिरीजवळच्या घरातली. भात कापताना सर्प डसला होता तिला, तेव्हा मी याच जीपमधून म्हापशाच्या हॉस्पिटलात नेलं होतं. तिने वाकळ आणली. जुन्या लुगड्यांची, महिनाभर शिवत होती म्हणे. जीपमध्ये ठेवली आणि निघून गेली, चहालाही थांबली नाही. मग पद्मावती कैरीच्या मिस्कुटाची बरणी घेऊन आली, तिच्या थोरल्याचा जन्म अस्नोड्याच्या पुलापाशी जीपमध्येच झाला होता, तो आता तिच्यापेक्षा हातभर उंच आहे. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी दोर. रुद्रेश मजुरीचं नाव काढू देत नाही. त्याच्या आईला दम्यात मी दोनदा नेलं होतं, ते मला आठवतसुद्धा नव्हतं.

मला हे जड जातं, बाय. जीप कंपनीची होती, डिझेल कंपनीचं. मी फक्त हातात चाक धरलं होतं. पाटीवर तसं लिहून दाखवलं तर आनंदी म्हणाली, तिला वाचता येत नाही. तिला चांगलं वाचता येतं.

शेवटी जयराम फणसाची फळी घेऊन आला. निजायची फळी आणि कपाट त्यानेच बसवलं, सुरेख सुतारकाम आहे, झाकण लागलं की सुईएवढाही आवाज येत नाही. माझ्या ऑपरेशनपासून राखणदाराचं गाऱ्हाणं तोच घालतो. आपल्या घरचा मान, पण कोणीतरी घालायला हवंच. मी त्या वेळी तिथे जात नाही. दिवसभर तो खिळे मारत होता आणि मी खिळे देत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे.

तुझा,
सगुण


पेडणे,
शुक्रवार, २७ सप्टेंबर २०२४

चि. सगुण,
आशीर्वाद.

मागचं पत्र मी तीनतीनदा वाचलं आणि शेजारणीलाही वाचून दाखवलं, तुझ्या परवानगीशिवाय. ती रडली. मी रडले नाही, मी तिला चहा केला आणि मग रडले.

माणसं देतात ते घ्यावं रे. तू नेत होतास तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही, आता तू का म्हणतोस?

चतुर्थी झाली, पाऊस ओसरला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी छोटा स्टोव्ह, दोन टोप, एक बालदी आणि चहा ढवळायला न मोडणाऱ्या कुलेरी आणल्या. पिशवी दाराशी भरून ठेवली आहे. येणारे जाणारे विचारतात, कुठे निघालात? मी सांगते, भाऊ आला की. भाऊबीजेला जीप घेऊन ये. ओवाळते आणि इथूनच निघू.

तुझी,
बाय


डिचोली,
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

ती. बाय,
सा. नमस्कार.

क्लच प्लेट गेली आहे. जुन्या मापाची मिळत नाही. भाऊबीजेपर्यंत होईल असं वाटत नाही. पिशवीतलं खाण्याचं काही असेल तर काढून ठेव.

सगुण


पेडणे,
शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

चि. सगुण,

मिळत नाही म्हणे. प्रवीणच्या हातचं जड पुडकं उघड. क्लच प्लेट आहे. म्हापशाच्या दुकानदाराने विचारलं, मॅडम, कुठल्या सालची गाडी? मी म्हटलं, माझ्या लग्नाच्या आधीची. तो म्हणाला, लग्न कधी झालं? असं विचारत विचारत त्याने गोदामातून नेमकी काढून दिली. जुन्या जीपवाल्यांची आणि जुन्या लग्नाच्या बायकांची दुकानं असतात, शोधावी लागतात.

भाऊबीजेला वाट बघते.

बाय


डिचोली,
शनिवार, २ नोव्हेंबर २०२४

ती. बाय,

उद्या येत नाही. प्लेट बसवली, छान बसली, पण आता स्टिअरिंगला ओढ आहे. एका बाजूला जातं. अशा गाडीत तुला बसवणार नाही. माझ्या वतीने प्रवीणला पाठवतो आहे, त्याला ओवाळ. साडी शीतलने निवडली आहे.

रागावू नकोस.

सगुण


पेडणे,
शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

चि. सगुण,
आशीर्वाद.

मी रागावले नाही. भाच्याला ओवाळलं, त्याच्या पानात पंचखाद्य वाढलं आणि विचारलं, तुझ्या बापाच्या स्टिअरिंगला कुठल्या बाजूची ओढ आहे? प्रवीणला खोटं बोलता येत नाही, तो तुझ्यावर गेलेला नाही. खाली मान घालून म्हणाला, आत्या, जीप चतुर्थीनंतर लगेच तयार झाली होती. क्लच गेलाच नव्हता. बाबा रोज सकाळी ती चालू करतात, थोडा वेळ आत बसतात आणि बंद करतात. फाटकाबाहेर काढत नाहीत.

म्हणजे मी आणलेली क्लच प्लेट तुझ्याकडे तशीच पडून आहे. बरं.

का काढत नाहीस, तेही मला कळलंय असं वाटतं. शिवेवर घुमटी आहे. तिथे थांबल्याशिवाय आपल्याकडची गाडी लांब जात नाही, आणि थांबलं की गाऱ्हाणं आलं. मी खूप विचार केला. मग प्रवीणने त्याच्या मोबाईलमध्ये शोधून काढलं. चार वर्षांपूर्वीची जत्रा, तू गाऱ्हाणं घालतो आहेस, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. तो तुझा आवाज आम्ही एका छोट्या स्पीकरमध्ये भरला आहे. सोबत पाठवते. घुमटीपुढे नारळ धर आणि बटण दाब. आवाज तुझाच आहे, शब्द तुझेच आहेत. यात वावगं काही नाही.

तुझी,
बाय


डिचोली,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. बाय,
सा. नमस्कार.

शीतलने स्पीकर लावला तेव्हा मी अंगणात होतो. घरातून माझा आवाज आला. मी परसात निघून गेलो आणि संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. ऐकताना वाटलं, हा माणूस गेला, आणि मी त्याच्या बाराव्याला आलोय.

तू मनापासून केलंस, मला ठाऊक आहे. पण देवापुढे तो वाजवायचा नाही. देवाने विचारलं, हा बोलतोय तो कुठे आहे, तर मी काय सांगू? डॉक्टरांनी दिलेलं गळ्याला लावायचं यंत्रही असंच कपाटात पडून आहे. त्यातून पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येतो, दुकानात तेल मागायला ठीक आहे. गाऱ्हाण्याला नाही.

तू जयरामचं नाव पत्रात घेतलं नाहीस, पण मनात घेतलं असशील. सांगितलं तर तो आनंदाने येईल. जत्रेचं गाऱ्हाणं त्याने घातलं ते बरोबरच, ते गावाचं आहे. पण गाडी माझी, प्रवास माझा, आणि गाऱ्हाणं दुसऱ्याने घातलं, तर सगळ्या वाड्यासमोर मी मुका झालो. आत्ता मी नुसता घरात मुका आहे.

एवढंच आहे बघ. गाडी उत्तम झाली आहे. लोकांनी इतकं दिलं, आणि मी त्यांच्या देखत शिवेपर्यंत ती नेऊ शकत नाही. तू प्रवीणबरोबर जा. किंवा विकून टाकू.

सगुण


पेडणे,
शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

चि. सगुण,
आशीर्वाद.

स्पीकरचं चुकलं. तुला दुखवलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. प्रवीणकडे परत पाठव, मी त्यावर बातम्या ऐकीन.

विकायचं नाव काढू नकोस. पहिल्या डिसेंबरला मी पिशवी घेऊन येते. जीपमध्ये बसेन. हलली तर आपण जाऊ. नाही हलली तर तुझ्या अंगणात, फणसाखाली, आनंदीची वाकळ पांघरून जीपमध्येच राहीन. मला उघड्यावर निजायचं होतं, तुझं अंगण काही बंदिस्त नाही. चहा मी माझा करीन.

गाऱ्हाण्याबद्दल मला उपाय सुचत नाही. मास्तरकीची सवय आहे, प्रत्येक गोष्टीला उत्तर काढायची, पण याला नाही निघत. नुसती येते.

बाय


पेडणे,
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

चि. सगुण,
अनेक अनेक आशीर्वाद.

तू मला दारात सोडून डिचोलीला वळलास त्याला आठवडा होत आला. पिशवी अजून सोडली नाही. सोडली की प्रवास संपला असं वाटेल म्हणून. साडी झाडली तर रेडीची तांबडी धूळ पडली. ती मी पुसली नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळंच. इतके दिवस आपण बरोबर होतो, पाटीवर किती लिहून झालं, पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. घुमटीपुढे तू देवाकडे तोंड करून उभा होतास. मागे काय झालं ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं.

तुझ्या अंगणात मी जीपमध्ये मुक्काम टाकला तेव्हा सगळा वाडा येऊन बघून गेला, एखादं प्रदर्शन असावं तसा. पद्मावती म्हणाली, डिचोलीत येवन फणसापोंदा राविल्ली पयलीच टुरिस्ट. दोन दिवस तू माझ्यासमोरून आत बाहेर करत होतास, आणि मी मागच्या फळीवर चहा करत होते. तिसऱ्या सकाळी तू स्वयंपाकघरातून नारळ घेऊन आलास, माझ्याकडे न बघता चाकामागे बसलास आणि जीप फाटकाबाहेर काढलीस. मी एक शब्द बोलले नाही. जन्मात प्रथमच.

शिवेवर थांबलास, चपला काढल्यास, नारळ घेऊन घुमटीपुढे उभा राहिलास. मला वाटलं, नमस्कार करून निघशील. मी तेवढ्यावरही खूश होते. कोणाला बोलावलं नव्हतं. पण जीप बाहेर पडलेली शीतलने पाहिली होती आणि शीतलचा आवाज देवाच्या कृपेने शाबूत आहे. आनंदी कळशी तिथेच ठेवून आली. पद्मावती आली, रुद्रेश आला, त्यांच्यामागून आणखी. सगळे दबक्या पावलांनी, म्हणून तुला कळलं नाही. पोदेर पावाची टोपली बांधलेली सायकल घेऊन आला. त्याने एकदाही भोंगा वाजवला नाही.

मग जयराम आला. वाटलं, हा आता पुढे होऊन सुरू करील, आणि तू नारळ खाली ठेवून घरी जाशील. मी त्याचा हात धरला. त्याने माझा हात हळूच सोडवला आणि म्हणाला,

“गाराणां तेचां. आमी व्हय म्हणूंक आयलांव.”

आणि तो तुझ्यामागे, चार हातांवर, हात जोडून उभा राहिला.

तुझे खांदे हलले. गळ्याचा रुमाल आत बाहेर होऊ लागला. मला कळलं, तू सुरू केलं आहेस. आवाज नाही, मागून ओठही दिसत नव्हते. तुझं वाक्य कुठे संपतं ते कोणाला कसं कळणार? तेवढ्यात तू नारळ जरासा वर उचललास. लहानपणापासूनची तुझी खोड आहे ती, वाक्य संपलं की नारळ वर जातो. मी विसरले होते. जयराम इतकी वर्षं तुझ्यामागे उभा राहिला होता, तो विसरला नव्हता. नारळ वर गेला आणि तो म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

दुसऱ्यांदा आनंदी म्हणाली, रुद्रेश म्हणाला. तिसऱ्यांदा सगळे. पोदेरसुद्धा म्हणाला. मीही म्हणाले, पण माझा घसा भरून आला होता, तेव्हा आपल्या घरात त्या क्षणी दोघं मुके होते.

पहिला ‘व्हय’ कानावर आला तेव्हा तुझी पाठ एकदम ताठ झाली. मागे वळशील असं वाटलं. तू वळला नाहीस. पुढे बोलत राहिलास.

बाकी मग सगळं आपण बरोबरच पाहिलं. केरीची फेरीबोट, तिच्यावर जीप चढवताना तुझा ऐटीत बाहेर काढलेला कोपर. तेरेखोलच्या रस्त्याला नेमकी त्याच जागी मी स्टुलावर बसून चहा गाळला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला चहा. वेंगुर्ल्याला टायर बसला तेव्हा तू शीळ घालायला गेलास आणि नुसतेच ओठ पुढे केलेस, मग आपण दोघं हसत सुटलो. तुझ्या हसण्याला आवाज नसतो हे मी विसरूनच गेले होते. फणसाच्या फळीवर माझी पाठ एकदाही दुखली नाही, हे जयरामला सांग. मी कोणाकोणाचे आभार मानू? तुझे मानते, तेवढे सगळ्यांना वाट.

आता एक विचारायचं आहे. प्रवासाचं गाऱ्हाणं केवढंसं असतं. जाणाऱ्याला सुखरूप ने, सुखरूप आण, चुकलंमाकलं पोटात घाल, झालं. पण तुझा नारळ वर खाली होतच राहिला. लोकांचे हात जोडून अवघडले, पावाची टोपली थंड झाली, तरी कोणी जागचं हललं नाही. जीपमध्ये मी विचारणार होते, पण तू इतक्या शांतपणे गाडी चालवत होतास की धीर झाला नाही. एवढा वेळ देवाला काय सांगत होतास?

तुझी,
बाय


डिचोली,
रविवार, २२ डिसेंबर २०२४

ती. बाय,
साष्टांग नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं, मग शीतलकडे दिलं, ती ते घेऊन आनंदीकडे गेली, आता कुठे आहे माहीत नाही. परत आलं की जपून ठेवीन. मागे काय झालं ते मला खरंच ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, जयराम आला तो चुकून.

काल तो आला होता. कपाटाचं झाकण बघायचंय म्हणाला. झाकणाला काही झालेलं नाही. जाताना म्हणाला, येत्या जत्रेला तू पुढे उभा राहा, मी मागे. मी पाटी शोधायला लागलो, तर म्हणाला, लिहू नकोस, मान हलव. मी हलवली.

दुसरी क्लच प्लेट जीपमध्ये सीटखाली ठेवली आहे. तिथे कोंबडी परत यायला लागली आहे, तेव्हा पुढचा प्रवास अंडी फुटून पिलं निघाली की. कुठे जायचं ते तू ठरव.

आता तू विचारलंस ते. प्रवासाचं मागणं पहिल्या दोन वाक्यांतच संपलं होतं. तेवढं म्हणून निघणार होतो. पण मागून ‘व्हय’ येतच होतं. कोणाचा आवाज ते मी न बघता ओळखतो, इतकी वर्षं ऐकतो आहे. तेव्हा मग मी नावं घ्यायला लागलो. आनंदीचं घेतलं, तिच्या घरातल्यांची घेतली. पद्मावतीचं, तिच्या थोरल्याचं. रुद्रेशचं, त्याच्या आईचं. टाकी देणाऱ्याचं, दोर देणाऱ्याचं, शीतलचं, प्रवीणचं, तुझं. जयरामचं दोनदा घेतलं. पोदेराचं नाव मला माहीत नव्हतं, तर म्हटलं, देवा, हा पाववाला. याचं बरं कर, हिचं बरं कर, यांनी मला उभं केलं, एवढंच प्रत्येकाबद्दल सांगत होतो, आणि प्रत्येक नावाला नारळ उचलत होतो.

मी काय म्हणतो ते त्यांना ऐकू येत नव्हतं, बाय. तरी आपापल्या नावाला प्रत्येकाने व्हय म्हटलं.

तुझा,
सगुण